भेकराची हाक, सांबराचा भास : हरणांचे आवाज आणि त्यांचे संकर

रानवाट (कोल्हापूर) | मूळ लेख (खाली वाचकांचे प्रतिसाद, प्रत्येकावर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

गेल्या पौषात आम्ही चौघे दाजीपूरला मुक्कामाला होतो. रात्रीची जेवणे आटोपून ओट्यावर बसलो असताना समोरच्या कारवीच्या उतारावरून एक आवाज आला. तो एकच ठोका होता, कोरडा आणि जड. आठ-दहा सेकंदांनी पुन्हा तसाच ठोका आला आणि मग जवळपास वीस मिनिटे तो त्याच अंतराने येत राहिला. ओट्याखाली झोपलेले कुत्रे उठून उभे राहिले, पण भुंकले नाही. आवाजाचे वजन पाहता हे मोठ्या शिंगांचे, पूर्ण वाढलेले सांबर असणार, असे मी सोबत्यांना ठामपणे सांगून टाकले. आमच्या बरोबरचे वाटाडे काका शेकोटीपाशी बसले होते. ते मान न वळवता म्हणाले, "सांबार न्हवं ते, भ्याकार हाय. बकऱ्याएवढं जनावर."

सकाळी त्यांनी आम्हाला त्या उतारावर नेले आणि ओलसर मातीतला खुराचा ठसा दाखवला. माझ्या अंगठ्याचे पेर त्या ठशात ठेवले तर ठसा जेमतेम पेराहून मोठा होता. वीस-पंचवीस किलोंचे ते जनावर आणि त्याच्या आवाजाने मी दोनशे किलोंहून जड प्राणी कल्पिला होता. राधानगरीच्या रानात पंधरा वर्षे हिंडून माझा कान एवढा चुकावा, याचे मला वाईट वाटले आणि तेव्हापासून हरणांच्या आवाजाविषयी जे मिळेल ते मी वाचत आलो आहे. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

माझ्या मनात एक साधे गृहीतक होते की मोठ्या प्राण्याचा आवाज खर्जातला असतो आणि लहान प्राण्याचा चढा असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांना हे लागूही पडते, परंतु हरणांच्या एका कुळात ते साफ कोसळते. युरोपातील लाल हरीण, उत्तर अमेरिकेतील वापिती आणि जपान व पूर्व आशियातील सिका हे तिघे एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक आहेत की त्यांची आपसात संतती होते आणि ती संततीही प्रजननक्षम असते. तिघांचेही नर माजाच्या हंगामात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, माद्यांना बोलावण्यासाठी आणि दुसऱ्या नरांना दूर ठेवण्यासाठी मोठमोठ्याने ओरडतात. मात्र त्यांच्या ओरडण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाल हरणाची हाक घोगरी, घुमणारी, डरकाळीच्या जवळ जाणारी असते आणि तिचा मूळ स्वर सुमारे 100 हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्याहून मोठा, तीनशे किलोंच्या घरातला वापिती मात्र कित्येक पट चढ्या स्वरात, जवळजवळ शीळ घालावी तसा ओरडतो. लाल हरणाच्या साधारण निम्म्या वजनाचा सिकाही चढ्या स्वरातच किंचाळतो. याचा अर्थ असा की तिघांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान हे दोघे चढे आणि मधला तेवढा खर्जातला आहे.

मग आवाजातून शरीराचे माप कळते की नाही, आणि या तिघांपैकी दोन जातींचा संकर झाला तर पोराने बापासारखे ओरडायचे की आईच्या जातीसारखे, हे दोन प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाहीत.

मिरजेचा तंबोरा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्या मिरजेच्या कोणत्याही वाद्य-कारागिराच्या दुकानात मिळेल, म्हणून लिहितो. तंबोऱ्याची खुंटी पिळली की तार ताणली जाते आणि स्वर चढतो. तीच तार, तोच ताण ठेवून भोपळा मोठा घेतला तर स्वर तसूभरही हलत नाही, मात्र नाद बदलतो, भरदार होतो. डोळे मिटून ऐकणारा जाणकार सांगू शकतो की हा गायकी अंगाचा मोठा तंबोरा आहे, की बायकांच्या पट्टीसाठी केलेला लहान. तो हे स्वरावरून सांगत नाही, नादावरून सांगतो.

गळ्यातही हीच दोन खाती वेगळी असतात. स्वरतंतूंची थरथर मूळ स्वर ठरवते, तर स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची नळी त्या स्वरातील काही भाग उचलून धरते आणि काही दाबते. नळी जितकी लांब, तितके हे उचललेले पट्टे एकमेकांच्या जवळ येतात. हिशेब सोपा आहे. दमट उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 350 मीटर धरा आणि त्याला नळीच्या लांबीच्या दुपटीने भागा. प्रौढ माणसाची नळी सुमारे 17 सेंटीमीटर असते, म्हणून आपल्या आवाजातील अनुनादाचे पट्टे एकमेकांपासून साधारण 1000 हर्ट्झ अंतरावर पडतात. नळी 70 सेंटीमीटर असेल तर तेच अंतर 250 हर्ट्झवर येते. आपण सांबर म्हणून जे ऐकले, त्यात आपण तार ऐकली आणि भोपळ्याकडे लक्ष दिले नाही, असे मला वाटते.

रानवाट

आपण भोपळ्याचा दाखला दिलात आणि लाल हरणाविषयी वाचलेली गोष्ट मला आता खरी उमगली. 2001 साली फिच आणि रेबी या दोन संशोधकांनी दाखवून दिले की नर लाल हरणाचे स्वरयंत्र माणसाप्रमाणेच घशात खाली उतरलेले असते, आणि तेवढ्यावर न थांबता ओरडताना तो ते आणखी खाली, थेट छातीच्या हाडापर्यंत ओढून नेतो. मान ताणून, तोंड पुढे करून ओरडणाऱ्या नराच्या गळ्यावर तो उंचवटा खाली सरकताना दिसतो. त्या क्षणी त्याची नळी सत्तर सेंटीमीटरच्या पुढे जाते. तोवर खाली उतरलेले स्वरयंत्र ही केवळ माणसाची, बोलण्यासाठी घडलेली खूण आहे, असे मानले जात असे. हरणाने त्या समजुतीला तडा दिला.

एकदा स्वरयंत्र छातीच्या हाडाला टेकले की त्याच्याखाली जागाच नसते. म्हणून नळी जास्तीत जास्त किती लांब होईल हे शरीराच्या मापावर ठरते आणि तेथे खोटेपणा चालत नाही. लहान नराने कितीही आव आणला तरी त्याचे पट्टे मोठ्या नराइतके जवळ येत नाहीत. माद्या हे ऐकतात, हेही पुढे तपासले गेले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माजावर आलेल्या माद्यांना दोन ध्वनिक्षेपकांतून लहान आणि मोठ्या नरासारखे अनुनाद असलेल्या हाका ऐकवल्या, तेव्हा त्यांचा कल मोठ्या नराच्या हाकेकडे होता. त्याच्या कितीतरी आधी, 1987 मध्ये, कॅरन मॅकॉम्ब यांनी दाखवले होते की नरांच्या डरकाळ्या नियमित ऐकणाऱ्या माद्या न ऐकणाऱ्यांपेक्षा लवकर माजावर येतात. म्हणजे ही हाक मादीच्या शरीरातील घड्याळही पुढे सरकवते.

कारवी (राधानगरी)

लेख आवडला, परंतु एक भेद येथे स्पष्ट व्हायला हवा, नाहीतर नवख्या वाचकांचा गोंधळ होईल. रानवाट यांनी दाजीपुरात ऐकली ती भेकराची इशाऱ्याची हाक असण्याचा संभव अधिक आहे. युरोपातील ज्या हाकांची चर्चा चालली आहे त्या माजाच्या हाका आहेत. दोन्हींचे काम वेगळे, म्हणून घडणही वेगळी.

इशाऱ्याची हाक छोटी, तुटक आणि कानाला टोचणारी असते. "मी तुला पाहिले आहे" असे ती बिबट्याला सांगते आणि आसपासच्या सर्वांना सावध करते. ती कोणत्या जातीची आहे याला रानात फारसे महत्त्व नसते. भेकर भुंकले की शेकरूही कलकलाट करते, सांबराने "पोंक" केले की बाकीचे खूर थबकतात. शेजाऱ्याची हाक कळण्यातच सर्वांचे हित असते. माजाच्या हाकेचे मात्र उलट आहे. ती ठराविक कानांसाठीच असते आणि परक्या जातीच्या मादीने तिला उत्तर देऊन उपयोग नसतो. म्हणूनच जवळच्या नात्यातील जातींच्या इशाऱ्याच्या हाका पुष्कळदा सारख्या वाटतात, माजाच्या हाका मात्र दूर गेलेल्या आढळतात.

आपल्याकडील एक उदाहरण देते. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्यात मी विद्यार्थ्यांना घेऊन दरवर्षी जाते. उघड्याबोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले, जेमतेम 11 चौरस किलोमीटरचे हे रान आहे. तेथे चितळ आणि सांबर दोन्ही आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी चितळाचा नर मान वर करून जी हाक देतो ती ऐकून मुले हमखास विचारतात की म्हैस कोठे आहे. ती हाक जाड, खरखरीत आणि ओढलेली असते, आणि त्याच चितळाचा इशारा मात्र एखाद्या पक्ष्यासारखा बारीक व चढा असतो. एकाच गळ्यातून दोन्ही निघतात. तेव्हा आवाज ऐकून जात आणि माप सांगण्याआधी ही हाक कशासाठी आहे, हा प्रश्न विचारायला मी मुलांना शिकवते.

येथे "हरीण" या शब्दाचीही अडचण होते. काळवीट हे कुरंग आहे, त्याची शिंगे गळत नाहीत. पिसोरीला तर शिंगेच नाहीत आणि ती खऱ्या मृगकुळातलीही नाही. या धाग्यात आपण दरवर्षी शिंगे गाळणाऱ्या मृगकुळापुरतेच बोलत आहोत, हे लक्षात असावे.

रानवाट

कारवीताई, आपली दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. मी इशाऱ्याच्या हाकेवरून माजाच्या हाकेविषयीचा प्रश्न काढला, हे सरमिसळ करणारे होते. मूळ लेखात तशी नोंद वाढवतो.

वाटेवरचा डब्लिनकर

मी मूळचा शाहूपुरीतला, नोकरीनिमित्त गेली आठ वर्षे आयर्लंडमध्ये आहे. या धाग्यातील संकराचा प्रश्न येथे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर रोज घडतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विकलो परगण्यातील पॉवर्सकोर्ट इस्टेटीत 1860 मध्ये जपानी सिका हरणे आणून सोडली गेली. तेथे लाल हरणेही होती. दोन्ही एका आवारात आली, आवारातून डोंगरांत गेली आणि त्यांचा संकर होत राहिला. आज विकलोच्या डोंगरांतील हरणांमध्ये दोन्हींचे रक्त मिसळलेले आहे. तिकडे स्कॉटलंडमध्ये किन्टायर द्वीपकल्पावर 1893 मध्ये कॅराडेल येथे सिका आणली गेली आणि तेथेही हेच झाले. एडिंबरोच्या संशोधकांनी किन्टायर आणि आसपासच्या सातशेहून अधिक हरणांची जनुके तपासली, तेव्हा एकंदरीत संकराचे प्रमाण सात टक्क्यांच्या आत होते, परंतु एका ठिकाणी ते तब्बल 43 टक्के निघाले. म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन्ही जाती आपापल्या वाटेने जातात, आणि एखाद्या ठिकाणी बांध फुटला की पाणी एक होते.

आता आवाजाविषयी. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ग्लेनडलॉकच्या दरीत मी पहाटे उभा होतो. धुके इतके होते की दहा पावलांवरचे झाड दिसत नव्हते. मी लाल हरणाच्या डरकाळीची वाट पाहत होतो. त्याऐवजी तेल न घातलेल्या रहाटासारखा एक लांब, चढा आवाज आला. तो वर गेला, क्षणभर तसाच ताणला गेला आणि मग मोडून एका घोगऱ्या कण्हण्यात उतरला. काही वेळाने धुके विरळ झाले तेव्हा उतारावर एक नर दिसला. सिका असावा म्हणावे तर तो फार मोठा होता आणि लाल हरीण म्हणावे तर पाठीच्या मागचा पांढरा डाग सिकासारखा स्वच्छ होता. सोबतचे स्थानिक गृहस्थ म्हणाले की येथे निम्मी अशीच असतात. त्याचे रक्त तपासलेले नसल्याने तो संकरच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही.

लाल हरीण आणि सिका यांच्या संकरित नरांच्या हाकांचे मोजमाप झालेले आहे आणि त्या साधारणपणे दोन्ही जातींच्या मध्ये पडतात. न्यूझीलंडमधील फिओर्डलँडची कथाही अशीच आहे. तेथे 1905 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी भेट दिलेले वापिती सोडले गेले, पुढे लाल हरणे त्यांच्यात मिसळली आणि आज तेथील नरांच्या हाका शिळेपासून डरकाळीपर्यंत सगळ्या पायऱ्यांवर ऐकू येतात.

गोठा (शिरोळ)

मी दुधाचा धंदा करतो. खिल्लार गाय आणि संकरित गाय यांच्या हंबरण्यात फरक आहे, हे गोठ्यात शिरल्याबरोबर मला कळते. त्यामुळे वरील चर्चा मनापासून वाचली. माझी शंका अशी आहे की हे संकरित हरणाचे पोर आपली हाक कळपात ऐकून शिकते का? तसे असेल तर सिकाच्या कळपात वाढलेले पोर सिकासारखे आणि लाल हरणांत वाढलेले त्यांच्यासारखे ओरडायला हवे. मग ते मधलेच का ओरडते?

रानवाट

आपली शंका अगदी मुळावर बोट ठेवणारी आहे. पोपट, मैना, देवमासे, माणूस असे थोडेच जीव ऐकून आवाज घडवतात. हरणे त्यांत मोडत नाहीत. हरणाच्या बाबतीत एक साधी गोष्ट लक्षात घ्या. पाडसाला वाढवते ती आई, आणि आई माजाची ही हाक सहसा देतच नाही. नर पाडस वयात येऊन पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ओरडते तोवर काही वर्षे गेलेली असतात. आईच्या अंगात मात्र तिच्या जातीच्या नराच्या हाकेचा अर्धा आराखडा असतोच. तिने आयुष्यात कधी न काढलेला आवाज ती मुलाला देते. स्वरयंत्राची बांधणी, त्याला खाली ओढणारे स्नायू, श्वास किती वेळ आणि किती जोराने सोडायचा याचा मेंदूतील ठेका, हे सर्व दोन्ही बाजूंनी अर्धे-अर्धे येते, आणि म्हणून हाक मध्ये पडते. आपल्याकडे सर्वांच्या ऐकण्यातले उदाहरण खेचराचे आहे. ते घोड्यासारखे खिंकाळायला सुरुवात करते आणि गाढवासारखे संपवते.

डब्लिनकर यांनी वर्णन केलेला, चढून मोडणारा आवाज वाचताना मला त्या खेचराचीच आठवण झाली.

मिरजेचा तंबोरा

वापितीच्या चढ्या आवाजाचे कारण अजून कोणी सांगितले नाही. स्वरतंतू आखूड असतील, असे कोणालाही वाटेल. तसे आहे का?

रानवाट

मलाही तसेच वाटले होते. परंतु वापितीचे स्वरतंतू मोजले गेले आहेत आणि ते सुमारे तीन सेंटीमीटर भरतात, म्हणजे एवढ्या मोठ्या जनावराला शोभतील असेच लांब आहेत. एवढ्या लांब तारेतून एवढा चढा स्वर निघावा हे कोडे बरीच वर्षे होते. 2016 मध्ये रेबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापितीच्या हाकांचे बारकाईने विश्लेषण केले, तेव्हा असे आढळले की तो एका वेळी दोन आवाज काढतो. एक खालचा, 150 हर्ट्झच्या आसपासचा, लाल हरणाच्या डरकाळीचा भाऊ शोभेल असा, आणि दुसरा शिळेसारखा, जो 4000 हर्ट्झपर्यंत चढतो. ही शीळ स्वरतंतूंच्या थरथरीची नसून हवा अरुंद जागेतून जाताना होणाऱ्या शिट्टीच्या जातीची असावी, असे त्यांचे अनुमान आहे. शीळ दूरवर जाते, आणि खालचा आवाज जवळच्यांना शरीराचे माप सांगतो.

तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचे तर खर्जाची तार छेडलेली आहे आणि त्याच वेळी कोणीतरी बासरी धरली आहे. दुरून आपल्याला फक्त बासरी ऐकू येते आणि आपण वाद्य लहान समजतो.

जनुकीय अभ्यासांत, विशेषतः आईकडून येणाऱ्या जनुकांच्या अभ्यासांत, वापिती हा लाल हरणापेक्षा सिकाच्या अधिक जवळ पडतो. वापिती आणि सिका हे दोघे चढ्या आवाजाचे आणि युरोपातील लाल हरीण डरकाळीवाले, अशी ही विभागणी आहे. शरीराने वापिती लाल हरणाचा थोरला भाऊ दिसत असला तरी त्याचा आवाज नात्याची दुसरीच दिशा दाखवत होता. पूर्वी दोघांना एकच जात मानीत, त्या काळातही माजाच्या हंगामात रानात उभ्या राहिलेल्या माणसाला हा फरक ऐकू येत होता.

कारवी (राधानगरी)

मग मूळ अडचण अशी उरते की हाका इतक्या वेगळ्या असूनही लाल मादी सिका नराकडे जाते कशी? हाक हे जातीचे दार असेल तर ते बंद का राहत नाही?

वाटेवरचा डब्लिनकर

याच प्रश्नावर 2011 मध्ये वायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माजावर आलेल्या लाल माद्यांना एका बाजूने लाल नराची आणि दुसऱ्या बाजूने सिका नराची हाक ऐकवली. बहुतेक माद्या आपल्या जातीच्या बाजूला अधिक रमल्या, परंतु सगळ्या नव्हे. काहींनी सिकाच्या हाकेत अधिक रस दाखवला. थोड्या माद्यांचा हा कल संकराला वाट करून देतो का, असा प्रश्न त्यांनी त्यातून पुढे मांडला. पुढे सिका माद्यांवर केलेल्या तशाच प्रयोगात त्यांची आपल्या जातीच्या हाकेला ठळक पसंती दिसली नाही.

मला यातील कारण इतिहासात दिसते. लाल हरीण युरोपात आणि सिका जपानात, मध्ये सारे खंड पसरलेले. या दोघांनी हजारो पिढ्या एकमेकांची हाक ऐकलीच नव्हती, मग ती नाकारायला शिकण्याची गरज कोठून येणार? दार बंद होते ते अंतराचे होते, आवाजाचे नव्हते, आणि ते अंतर माणसाने जहाजात घालून मिटवले. उलट आपल्या देशात पाहा, कान्हाच्या रानात चितळ, सांबर आणि बारशिंगा पूर्वापार शेजारी चरत आले आहेत, आणि तिघे वेगळेच राहिले आहेत.

सह्याद्रीपुत्र

स्पष्ट बोलतो. संकरित हरणे ही निसर्गातील भेसळ आहे आणि ती काढून टाकावीत, असे माझे मत आहे. आवाजावरून ती ओळखता येत असतील तर काम सोपे होईल.

रानवाट

आपली तळमळ मी समजू शकतो, मूळची जात हरवू नये असे मलाही वाटते. परंतु "भेसळ" हा शब्द त्या जनावराला लावू नये, असे कळकळीने सांगतो. ते आपणहून जहाजात चढले नव्हते. आता मुद्द्याचे बोलायचे तर आवाजावरून ओळख पटवणे सोपे नाही. पहिल्या पिढीतील संकर मध्ये पडतो, पण तो पुन्हा लाल हरणांतच मिसळला की त्याची पोरे आणि नातवंडे हळूहळू लाल हरणासारखी दिसू आणि ओरडू लागतात. तरीही सिकाची जनुके त्यांच्यात असतातच. अनुभवी शिकाऱ्यांनी केवळ दिसण्यावरून संकर म्हणून वेगळी काढलेली हरणे तपासणीत शुद्ध निघाली आहेत आणि शुद्ध समजलेली संकरित निघाली आहेत. निर्णय जनुकांच्या तपासणीवरच सोपवायला हवा. दूरच्या बेटांवर मूळ लाल हरणे राखून तेथे सिका पोहोचू न देणे हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

गोठा (शिरोळ)

आपल्या भेकराचा असा संकर होतो का?

कारवी (राधानगरी)

गोठादादा, भेकराची गोष्ट फार विलक्षण आहे. आपल्याकडील भेकराच्या मादीत अवघी 6 आणि नरात 7 गुणसूत्रे असतात. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या माहीत नाही. त्याचा चुलतभाऊ असलेल्या चीनच्या छोट्या भेकराला मात्र 46 गुणसूत्रे आहेत. दोघे दिसायला सारखे, भुंकणारे, सुळे बाहेर आलेले. बंदिवासात त्यांचा संकर झाला आहे, परंतु 3 किंवा 4 आणि 23 यांची जोडी जुळणार कशी? ती पिलावळ पुढे वंश चालवू शकत नाही. म्हणजे येथे हाका जवळच्या असूनही दार पेशीच्या आतच बंद आहे. लाल हरीण आणि सिका यांच्या हाका दूरच्या असूनही त्यांची गुणसूत्रे एकमेकांना सामावून घेतात. हाक आणि रक्त यांची गणिते वेगवेगळी चालतात, हे भेकराइतके स्पष्टपणे दुसरा कोणी प्राणी सांगत नाही.

राधानगरीच्या रानात ते चिनी भेकर नाही, त्यामुळे आपल्याला ती काळजी नाही.

मिरजेचा तंबोरा

रानवाट, आपल्या त्या रात्रीच्या भेकराचे ध्वनिमुद्रण आहे का? असल्यास पट्टे मोजून पाहू.

रानवाट

आहे. भ्रमणध्वनीवर केलेले, दोन मिनिटे चाळीस सेकंदांचे आहे. त्यात एकूण सोळा हाका आहेत आणि मागे शेकोटीचा तडतडाट व काकांचा खोकला ऐकू येतो. काल रात्री ते मी संगणकावर मांडून पाहिले. भुंकण्याचा मूळ स्वर कोठे आहे हे मला नीट ठरवता आले नाही, कारण तो आवाज गोंगाटाच्या जातीचा आहे. मात्र पट्टे बऱ्यापैकी दिसतात आणि ते एकमेकांपासून चांगले लांब आहेत. आपल्या हिशेबाने भागाकार केला तर नळी पंचवीस सेंटीमीटरच्या आतलीच येते. काका बरोबर होते. फाइल आपल्याला पाठवतो, आपण कानाने ऐकून काय वाटते ते कळवा.

अभयारण्य पावसाळ्यानंतर उघडले की आम्ही पुन्हा त्याच ओट्यावर बसणार आहोत. या वेळी प्रत्येक हाकेबरोबर वेळ, दिशा, हवा, चांदण्याची स्थिती आणि हाक कशामुळे आली असावी हे वहीत टिपायचे आहे. कारवीताई, आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला यायचे असल्यास चार जणांची सोय होईल. सावराई सड्याकडील उतारावर सांबराचा वावर आहे असे काका सांगतात, तेव्हा त्याचीही एखादी हाक मिळाली तर भेकराशेजारी मांडून पाहता येईल.

कारवी (राधानगरी)

दोन मुली येतील. दोघींचे कान तयार आहेत आणि एकीला पखवाज येतो.